पोलक्याच्या आतली बोरमाळ

आमच्या ख्रिस्ती मंडळीतला शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा वर्ग, मी चालवतो, हे ऐकून माझ्याविषयी काही गैरसमज करून घेऊ नका. आधीचे शिक्षक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, कुणीतरी हवं होतं, आणि ज्या बैठकीत हे ठरलं त्या बैठकीत मी पहिल्या बाकावर बसलो होतो. पहिल्या बाकावर अशासाठी, की पंखा त्याच बाकावर आहे. सोलापूरच्या एप्रिलात माणूस पंख्याखातर काय काय पत्करतो. मी शास्त्रवर्ग पत्करला.

वर्ग भरतो चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, रविवारची उपासना संपल्यावर. दहाबारा माणसं येतात, त्यांत बायका जास्त. मला इब्री, म्हणजे हिब्रू, येत नाही, ग्रीक येत नाही, आणि माझं इंग्रजी सात रस्त्याजवळच्या ज्या विमा कचेरीत मी नोकरी करतो तिथल्या फॉर्मपुरतं आहे. पण बोलायला येतं. आमच्या घराण्यात लग्न असो की मयत असो, ‘जुनं काहीतरी सांग’ म्हणून मला पुढं ढकलतात आणि थोड्या वेळानं ‘आता पुरे’ म्हणून मलाच मागं ओढतात.

त्या वर्षी पत्र्याच्या खोलीवर स्लॅब टाकायचं ठरलं. पाळकसाहेब नवीन होते, वय तिशीचं, मन साफ. त्यांनी उपदेशासाठी बायबलातल्या निर्गमाचा पस्तिसावा अध्याय घेतला. रानात देवासाठी निवासमंडप उभारायचा असतो, आणि ज्यांच्या ज्यांच्या मनाला वाटतं ते ते स्त्रीपुरुष आपापले सोन्याचे दागिने घेऊन येतात, तो अध्याय. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपणही तसंच स्वखुशीचं दान गोळा करू. मंडळीचे मुख्य पंच मान डोलावत होते. हे गृहस्थ बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. मंडळीत कुणी काही ठरवलं की ती गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा.

तर मी वर्गासाठी तो अध्याय तयार करायला बसलो. तयार करायला म्हणजे फोन घेऊन. त्यात एका ओवीत चार दागिन्यांची यादी आहे. पहिले तीन मला कळले, नाकाकानातले, बोटातले. चौथ्यापाशी अडलो. घरात शास्त्राची तीन भाषांतरं आहेत, आणि चौथ्या दागिन्यावर तिघांचं जमेना. एक म्हणतं माळ, एक म्हणतं बाजूबंद, तिसऱ्यानं नुसतं ‘दागिने’ लिहून हात झटकलेले. मग मूळ शब्द शोधला. कूमाज.

सबंध इब्री शास्त्रात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा इथं, आणि एकदा गणनेच्या पुस्तकात, लढाईहून परत आलेल्यांनी देवापुढं ठेवलेल्या दागिन्यांत. बस. तिसरी जागा नाही, त्यामुळं ताडून बघायला काही नाही. अर्थ कुणालाच नक्की ठाऊक नाही. काही पंडित अरबीतल्या एका नातलग शब्दाचा आधार घेऊन म्हणतात, हे सोन्याचे गोल मणी असावेत, गुंफलेले. जुने यहुदी गुरू म्हणत, की हा दागिना बायका कपड्याच्या आत, कुणाच्या नजरेला पडू नये अशा जागी घालत.

सोन्याचे गोल मणी. कपड्याच्या आत. मी फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात पाहिलं. आई भाकरीचं पीठ मळत होती, आणि तिच्या पोलक्याच्या आत कूमाज होता.

हे जरा सांगायला हवं. माझ्या आईच्या गळ्यात एकच दागिना असतो, बोरमाळ. बोराएवढ्या सोन्याच्या मण्यांची, पोटाकडं जरा फुगीर, टोकांकडं निमुळत्या. तिच्या सासूची, सासूला तिच्या सासूकडून आलेली. आणि ती कुणाला दिसत नाही, कारण आमच्या घरातल्या बायका ती पोलक्याच्या आत घालतात. आई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. ती स्वतःच्या पोलक्याचा गळा रीतीपेक्षा दोन बोटं वर कापते. तिच्या सासूचेही गळे तसेच होते. लहानपणी मला वाटायचं, मोठेपणी सगळ्याच बायकांना मान आखूड येते.

रविवारी वर्गात मी कूमाज काढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी जांभई दिली नाही. पंडित काय म्हणतात ते सांगितलं, यहुदी गुरू काय म्हणतात ते बायकांसमोर जरा अडखळत सांगितलं. तिथं थांबायला हवं होतं. पण समोरची माणसं ऐकतायत असं दिसलं, की माझ्यातला शहाणा उठून बाहेर जातो.

“हा कूमाज तुम्हाला कुठं बघायचाय?” मी म्हटलं. “लांब जायला नको. आमच्या घरी आहे!”

आणि पणजीची गोष्ट सांगितली. पणजी मैंदर्गीकडची, कानडी बोलणारी. ती ख्रिस्ती झाली तेव्हा मिशनच्या गोऱ्या मडमबाईंनी सांगितलं, अंगावरचं सोनं उतरवा, साधेपणानं बाप्तिस्मा घ्या. पणजीनं सगळं उतरवलं. बोरमाळ तेवढी हळूच पोलक्यात सरकवली, आणि तशीच पाण्यात उतरली. मडमला पत्ता नाही! तेव्हापासून तीन पिढ्या ती आतल्या आत. ही गोष्ट मी वीस वर्षं घरात सांगत आलोय आणि ‘मडमला पत्ता नाही’ला हमखास हशा मिळतो. तिथंही मिळाला. हसले नाहीत ते एकटे मुख्य पंच, जे खोलीला कुलूप लावायला म्हणून मागं येऊन उभे राहिले होते.

आई वर्गाला येत नाही. ‘घरात ऐकते तेवढं बास झालं’ म्हणते.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मुख्य पंच आणि पाळकसाहेब आमच्या दारात उभे.

“सलाम, बाई,” पंच म्हणाले. शाळेतल्या नोकरीमुळं आईला सगळी मंडळी बाईच म्हणते.

“सलाम. या, बसा. चहा ठेवलाच आहे.”

“तुमच्या चिरंजीवांनी काल वर्गात लई छान शिकवलं.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “यानं?”

“व्हय की. ते काय ते... कूमाज.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे बोरमाळ,” पंच म्हणाले. “आतली.”

आईचा हात गळ्याकडं गेला नाही. ती फक्त माझ्याकडं बघत राहिली, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या महिन्यात किती रविवार आहेत ते बघू लागलो. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती जेऊरची, रेल्वेवाल्याची लेक. गाडी रुळावरून उतरली की तिला आवाजावरून कळतं.

“शास्त्रातला दागिना आपल्या सोलापुरात, आपल्याच मंडळीत सापडावा, ही देवाची योजना म्हणायची,” पंच पुढं म्हणाले. “आमचं असं ठरलंय, की रविवारी पहिलं दान तुमच्या घरचं. पाळकसाहेब पुलपिटावरून तसं सांगतील. बाकीच्या बायकांनाही जरा उत्तेजन.”

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, “बाई, बळजबरी काही नाही हं. स्वखुशीचं दान आहे.”

“स्वखुशीचं मागायला दोघं आलात?”

पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले. पंचांना लाल व्हायची सवय नव्हती.

“मी देणार नाही,” आई म्हणाली.

“बाई, घाई नको. विचार करा.”

“केला की.”

“कधी?”

“आत्ताच. तुम्ही बशीत चहा ओतत होता तेव्हा.”

पंचांनी बशी खाली ठेवली. मग आवाज बदलून, उपदेशाच्या सुरात म्हणाले, “बाई, तुम्ही शास्त्र जाणता. तुमच्या वडीलधाऱ्या बाईनं तेव्हा देवापासून चोरून ठेवलं. प्रेषितांच्या काळात असंच एक नवराबायकोचं जोडपं होतं. जमीन विकली, थोडं दिलं, थोडं मागं ठेवलं. काय झालं त्यांचं? जागच्या जागी मरून पडली दोघं.”

मी घाबरलो. खरं सांगतो, पंचांना नाही. मला वाटलं आई आता चहाचं भांडं उचलते. पण ती शाळेतल्यासारखी शांत झाली, म्हणजे मुलीनं उलटी शिवण घातली की व्हायची तशी.

“भाऊ, ती दोघं खोटं बोलली म्हणून पडली. ठेवलं म्हणून नव्हे. प्रेषितानं त्यांना सरळ सांगितलं, की बाबा, तुझं तुझ्याकडं होतं तेव्हा ते तुझंच होतं. नीट वाचा. मी कुठं खोटं बोलायलेय? ठेवलंय, असं म्हणतेय की तुमच्या तोंडावर.”

पंच उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “रविवारचं शास्त्रवाचन तुमच्याकडंच आहे, बाई. हाच अध्याय आहे, विसाव्या ओवीपासून एकोणतिसाव्यापर्यंत. उभ्या मंडळीला ठाऊक झालंय आता, तुमच्या पोलक्यात काय हाय ते. सगळ्यांसमोर उभं राहून वाचताना तुमचं मन काय म्हणतंय ते बघा.”

ते गेल्यावर मी कुणी न सांगता कपबशा गोळा करू लागलो. मग आई म्हणाली, “चाळीस वर्षं शाळेत होते, हेडबाईंना कळलं नाही. तुझे वडील गेले तेव्हा घर भरून बायका आल्या, त्यांना कळलं नाही. तू अर्ध्या तासात गावाला सांगितलंस.”

“ओघात आलं,” मी म्हटलं.

“ह्यांच्या ओघाला बांध घालायला हवा होता,” बायको म्हणाली, “पण लग्नातच पाणी डोक्यावरून गेलं.”

आता तुम्ही म्हणाल, एक बोरमाळ, त्यात काय एवढं. पण आईकडं दुसरं काही नाही. घर वडिलांचं, भांडी सासूची, मी देवानं दिलेला, म्हणजे त्यातही तिला निवड नव्हती. आणि पंच असे होते, की रविवारी पुलपिटावरून घराचं नाव घेतलं गेल्यावर शंभर माणसांच्या नजरेपुढं ‘नाही’ म्हणणं कुणाला जमलेलं मी पाहिलं नव्हतं. मागं चर्चच्या घंटेसाठी दान गोळा केलं तेव्हा एका बाईनं असंच, रडत रडत, कानातलं काढून दिलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी हालेलुया म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं.

म्हणून मी उपाय शोधू लागलो. बुधवारी कचेरीतून येतानाच मला सुचलं, आणि जिना चढता चढता मी खूश झालो.

“आई, सोपं आहे,” मी म्हटलं. “बोरमाळेचे मणी पोकळ असतात ना? वर सोन्याचा कागदासारखा पत्रा, आत लाख भरलेली. सगळी मिळून सोनं असेल नखभर. मी पंचांना सांगतो, सराफकट्ट्यावर कुणालाही दाखवा म्हणतो. ते आपणहून नको म्हणतील.”

आई मशीनवर बसली होती. तिनं चाक हातानं थांबवलं.

“म्हणजे लाखेची आहे म्हणून सोडतील?”

“हो.”

“आणि सगळी सोन्याची असती तर?”

मी कचेरीची पिशवी खाली ठेवली.

“लाखेची आहे म्हणून सोडा, असं मी म्हणणार नाही. माझी आहे म्हणून सोडा. जमत असेल तर तेवढं सांग, नाहीतर पंचांच्या वाटेलाही जाऊ नकोस.”

मी हार मानणारा नव्हतो. गुरुवारी दुसरा उपाय आणला, आणि हा तर विद्वत्तेचा होता. “कूमाजचा अर्थ नक्की नाहीच,” मी म्हटलं. “बाजूबंदही असू शकतो. मी रविवारी उपासनेआधी उभा राहून दुरुस्ती करतो. सांगतो, की बोरमाळ म्हणजे कूमाज हे मी उत्साहात बोललो, त्याला आधार नाही. मग शास्त्रातला दागिना वगैरे मुद्दाच उरत नाही.”

“वा,” आई म्हणाली. “म्हणजे तुझ्या चुकीनं ती जाणार होती, आणि तुझ्या दुरुस्तीनं राहणार. मधे मी कुठं आहे?”

मी तिन्ही भाषांतरं उचलून कपाटात ठेवली.

मग तिनं मशीनवरचं कापड काढून बाजूला ठेवलं आणि मला समोर बसायला सांगितलं. पन्नाशी ओलांडलेला मुलगा आईसमोर स्टुलावर बसला की स्टूल आपोआप बुटकं होतं.

“पणजीची गोष्ट तू जी सांगतोस ना, ती तशी नाही,” ती म्हणाली. “मला सासूबाईंनी सांगितलीय, त्यांना खुद्द त्यांच्या सासूनं. तू कधी विचारली नाहीस. तुझ्या वडिलांकडून अर्धी ऐकलीस आणि उरलेली भरून काढलीस.”

पणजीच्या अंगावर नथ होती, पुतळ्यांची माळ होती, जोडवी होती. ते सगळं सासरच्यांनी घातलेलं. ते तिनं स्वतःच्या हातानं उतरवून मडमबाईंच्या ओंजळीत ठेवलं, कुणी दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. बोरमाळ मात्र तिनं स्वतः केलेली होती. ती लोकांच्या रानात भुईमूग काढायला जायची. त्या मजुरीतून एका सुगीला एक मणी, कधी दोन सुगींना एक. सगळी माळ व्हायला तिचं निम्मं तारुण्य गेलं. मडमबाई म्हणाल्या, हीसुद्धा. पणजी म्हणाली, “ब्याड.” कानडीत ब्याड म्हणजे नको. मडमबाईंना मराठी येत होती, कानडी नव्हती. पण ते एवढं एक त्यांना कळलं. त्यांनी प्रार्थना करून बघ म्हटलं. पणजीनं डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा ब्याड म्हटलं. हात देवानं दिले, त्या हातांनी मणी केले, हे देवाला ठाऊक आहे. तुम्हाला नसलं तर नसू दे, असं म्हणाली.

“मग?”

“मग मडमबाईंनी एकदा माळेकडं पाहिलं, एकदा तिच्या हातांकडं. शेवटी म्हणाल्या, बरं, राहू दे. पण आत घाल, म्हणजे ती बघून बाकीच्या बायका आपापलं उतरवायचं थांबवायच्या नाहीत. पणजी म्हणाली, घालते. एक पाऊल त्या सरल्या, एक ही सरली. त्यांच्या हातूनच बाप्तिस्मा झाला, त्यांना पुरता पत्ता होता.” आईनं माझ्याकडं रोखून पाहिलं. “तो तह होता. तू त्याला चोरी ठरवलंस. कशासाठी, तर हशा मिळावा म्हणून.”

वीस वर्षं मी एका बाईला लबाड ठरवून लोकांना हसवत आलो होतो, आणि ती लबाड नसून माझ्यापेक्षा चारपट धीट होती.

“आणि आता तू सगळ्यांना सांगून टाकलंयस,” आई म्हणाली, “तेव्हा तह संपला.”

शनिवारी दुपारी तिनं रविवारचं पांढरं पोलकं मशीनवर घेतलं. खडूनं रेघ मारली, कात्री चालवली, आणि गळा तीन बोटं खाली घेतला. माझी बायको शेजारी बसून काठाला हातशिलाई करत होती. दोघी एकमेकींशी चवळीच्या भाजीविषयी बोलत होत्या. मी दोनदा खोलीत डोकावलो. दोन्ही वेळा मला पाणी आणायला पाठवलं.

रविवारी आई पदर पिन लावून, चापूनचोपून नेसून निघाली. बोरमाळ पोलक्यावर. मी ती उजेडात पहिल्यांदा नीट बघत होतो. मणी अंगाला घासून मऊ झालेले, झगमग काही नाही. एक मणी चेपलेला. चर्चच्या आवारात शिरलो तसं बायकांचं बोलणं गळत गेलं, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तसं. पहिल्या रांगेत मुख्य पंच बसले होते. त्यांनी बोरमाळ पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, द्यायला आणलीय.

वाचनाची वेळ आली. आई पुढं गेली, चष्मा लावला, विसाव्या ओवीपासून सुरू केलं. तिचा आवाज शाळेतला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. दागिन्यांची यादी आली तेव्हा मी उगीच पुढं वाकून बसलो. चौथ्या दागिन्याला आमच्या पुस्तकात जे छापलंय तेच तिनं वाचलं आणि पुढं गेली. ज्या शब्दानं माझा आठवडा खाल्ला, त्याला तिनं अर्धा श्वासही जास्त दिला नाही. पुढं हातात कसब असलेल्या बायका सूत कातून आणतात त्या ओवीला मात्र ती जरा संथ झाली.

एकोणतिसावी ओवी संपली. पंचांनी आपलं पुस्तक मिटलं. पाळकसाहेब उठू लागले.

आईनं पान उलटलं आणि वाचत राहिली.

कारागिरांची नावं वाचली. त्यांना देवानं कोणकोणतं कसब दिलं ते वाचलं. पंच खोकले. ती वाचत राहिली. ते पुन्हा खोकले. आईनं चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं, खोकला संपेपर्यंत थांबली, आणि पुढची ओवी घेतली. पाळकसाहेब अर्धे उठले होते ते हळूच खाली बसले. मग ती जागा आली, जिथं कारागीर मोशेला येऊन सांगतात, की लोक गरजेपेक्षा जास्त आणतायत. आणि मोशे सगळ्या छावणीत निरोप धाडतो, की आता कुणी स्त्रीपुरुषानं काही आणू नये. आणि लोक थांबतात.

“इथं शास्त्रपाठ संपला,” आई म्हणाली, पुस्तक मिटलं, आणि बोरमाळेसकट जागेवर येऊन बसली.

पाळकसाहेबांनी पुलपिटावरून कुणाच्याच घराचं नाव घेतलं नाही. म्हणाले, दानाची थाळी मागच्या टेबलावर आहे, ज्यांना वाटेल त्यांनी जाताना ठेवावं, कुणी बघत उभं राहणार नाही. हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी पहिल्या रांगेकडं बघायचं टाळलं. धाडस प्रत्येकाचं आपापल्या मापाचं असतं; त्या पोराचं तेवढं होतं, आणि पहिल्या वर्षात तेवढंही थोडं नाही.

बाहेर पंच आईला आडवे आलेच. “बाई, पाठ एकोणतिसाव्या ओवीपर्यंत दिला होता.”

“पुढचं पान कोरं नव्हतं की हो, भाऊ.”

“देवाच्या घरात असा हट्ट बरा न्हाय.”

“देवाच्या घरात म्हणूनच केला. बाहेर कोण ऐकतंय?”

ते तरातरा स्कूटरकडं गेले. त्यांची बायको मागं रेंगाळली. ही बाई कधी कुणाशी दोन वाक्यांवर बोलत नाही, नवऱ्याच्या मागं सावलीसारखी असते. ती आईच्या जवळ आली, बोरमाळेकडं पाहिलं, आणि खाली मान घालून विचारलं, “उन्हाळ्यात घामानं आतनं चावती का वो तुमाला?”

मला प्रश्न कळला नाही. आईला कळला. तिनं त्या बाईच्या पोलक्याच्या गळ्याकडं पाहिलं. तो बराच वर होता.

“चावती की,” आई म्हणाली. “पुरळ यायचं. आज न्हाई आलं.”

तिकडून स्कूटरचा हॉर्न वाजला. ती बाई गेली, पण पळत गेली नाही, चालत गेली.

घरी आल्यावर मी, म्हणजे माझी जीभ, पुन्हा वळवळली. मी आईला विचारलं, “पण तुझ्यानंतर ही कुणाची?”

“तुझी नक्की नाही. तुझ्या तोंडात काही राहत नाही, घरात काय राहणार?”

“मग?”

“जिला नाही म्हणता येईल तिची.”

“मला तर मुळीच नको,” माझी बायको आतून म्हणाली. “ती आत घाला, बाहेर घाला, मंडळीला तोंड द्या. मला झेपायचं नाही. नको म्हणजे नको.”

“बघ,” आई मला म्हणाली. “येतंय की हिला.”

स्लॅबचं काम अजून व्हायचं आहे; वर्ग पत्र्याखालीच भरतो. पुढच्या वेळी मी वर्गात उभा राहून सांगितलं, की कूमाज म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि पणजीची गोष्ट मी चुकीची सांगितली होती. मग खरी सांगितली. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या आजींनी मात्र ‘ब्याड’ हा शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि स्वतःशी पुटपुटून पाहिला.

महिना संपला आणि पुढच्या तिमाहीची शास्त्रवाचनाची यादी व्हरांड्यातल्या फळ्यावर लागली. मुख्य पंच ती स्वतः लावतात, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. आई तीस वर्षं त्या यादीत होती. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं. आजूबाजूच्या बायकांनीही वाचलं होतं, कारण आम्ही आलो तशा त्या बाजूला सरल्या. मला वाटलं, आईला हात धरून आत न्यावं, काहीतरी दुसरं बोलावं.

आईनं चष्मा लावून यादी सावकाश वाचली. बोरमाळ पोलक्यावर होती, आता रोजच असते. शेवटच्या ओळीखाली चारेक बोटं कागद शिल्लक होता. तिनं यादीवरची नजर न काढता माझ्यापुढं हात पसरला.

“पेन दे.”

मी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि दिलं.